डाव्या चाकाचा पट्टा

१

शीळ रस्त्यावर मानपाड्याच्या अलीकडे मासळीचा टेम्पो उलटला, तेव्हा लोकांनी आधी धाव घेतली ती मासळीकडे. खोटं कशाला बोला! कापणी होऊन गेलेल्या कोरड्या शेतात हलवे, बोंबील आणि बर्फाचे तुकडे यांचा नुसता सडा पडलेला, आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते तो पदरात, पिशवीत, टोपलीत भरत सुटलेला. पिशव्या भरून झाल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं की केबिनमध्ये माणूस आहे. तोवर दामाजी तांडेल गेलेला होता.

अठ्ठ्याऐंशी सालचा मार्च महिना. ऊन चांगलं चढलेलं, रस्ता सरळ आणि कोरडा, समोरून गाडी नाही की आडवं जनावर नाही. दामाजी प्यायलेला नव्हता, हे डॉक्टरांनीही सांगितलं. मग उरणहून कल्याणकडे नीट चाललेला टेम्पो एकाएकी डावीकडे ओढला गेलाच कसा? उत्तर मागे डांबरावर पडलेलं होतं. पुढच्या डाव्या टायरचा नक्षीचा पट्टा अख्खाच्या अख्खा सुटून रस्त्यावर पसरला होता. केळं सोलावं तसा तो टायर सोलून निघालेला.

टायर काही नवे नव्हते. नक्षी झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर नव्या रबराचा पट्टा बसवायचा आणि साच्यात घालून भाजून काढायचा, याला बाजारात रिमोल्ड म्हणतात. निम्म्या गाड्या त्याच्यावरच चालतात. दामाजीचे चार चाकांचे चार आणि स्टेपनीचा एक, असे सगळेच टायर मानपाड्याच्या रघु गायकरने एका दमात रिमोल्ड केलेले. पट्टा सुटला म्हणजे रघुने तो नीट बसवला नाही, आणि नीट बसवला नाही म्हणजे माणूस रघुनेच मारला. एवढं सोपं गणित मांडायला फौजदारांना अख्खी दुपारही लागली नाही. संध्याकाळी रघु लॉकअपमध्ये होता आणि त्याच्या दुकानाच्या पत्र्यावर दगड पडत होते.

रघु मात्र एकच घोकत बसला होता. माझ्या हातचा पट्टा असा सुटायचा नाही, तो कुणीतरी सोडवलाय.

२

अपघातातल्या गाड्या तपासायच्या आणि दोष गाडीचा की माणसाचा ते लिहून द्यायचं, ही परशुराम मढवीची ठाण्याच्या कचेरीतली नोकरी. पन्नाशीला टेकलेला, अंगाने काटक, बोलायला कमी आणि चिकाटीला जास्त असा माणूस. ब्रेकच्या एका नळीपायी हा आठवडा घालवतो, असं कचेरीतले लोक त्याच्या मागे म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मानपाड्याच्या अपघाताचा कागद समोर आला, त्याने मयताचं नाव वाचलं, आणि पुढचा चहा कपातच निवून गेला.

दामाजी तांडेल म्हणजे आवडाचा नवरा.

डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीकाठी कोळीवाडा होता आणि त्याला लागून मढव्यांचं मिठागर. मासळी खारवायला मीठ न्यायला कोळणी यायच्या, त्यांत आवडा असायची. तिच्या पाटीत मीठ घालताना परशुराम माप शिगेपर्यंत भरायचा, आणि त्याच्यापलीकडे त्याने तिला कधी काही दिलं नाही की सांगितलं नाही. आगऱ्यांचा मुलगा, कोळ्यांची मुलगी. घरात विषय काढायची सोय नव्हती. तिचं लग्न गावातल्या गावात दामाजीशी झालं. परशुराम शिकला, नोकरीला लागला, बहिणींची लग्नं लावून दिली आणि स्वतःचं राहून गेलं ते गेलंच. पण माणूस आतून काय सांभाळून ठेवतो, त्याचा हिशेब वयाला नसतो. आवडाचं नाव कुठे निघालं की त्याचा जीव अजूनही खालीवर व्हायचा.

ओळखीचं प्रकरण दुसऱ्याच्या हवाली करावं, अशी कचेरीची रीत. त्याने केलं नाही. का केलं नाही, ते त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. इतक्या वर्षांत तिच्या दारात जायला त्याला पहिल्यांदा कारण मिळालं होतं.

आधी त्याने टेम्पो पाहिला. पोलीस ठाण्याच्या आवारात, चिंचेखाली, तो उभा करून ठेवला होता. परशुरामने सवयीप्रमाणे प्रत्येक टायर अंगठ्याने दाबत चक्कर मारली. मागच्या डाव्या टायरपाशी तो थांबला. बाहेरच्या बाजूचं रबर मऊ होतं, अंगठा रुतत होता, आणि बोटाला चिकट लागत होतं. आत हात घालून त्याच टायरची आतली बाजू दाबली तर ती टणक. उजवीकडच्या टायरांचंही तेच, बाहेरून मऊ आणि आतून टणक, फक्त तिकडे मऊपणा कमी. सुटलेल्या पट्ट्याचीही एक कड नीट होती आणि दुसरी फुगून वेडीवाकडी झालेली.

रबर मऊ पडतं, तडकतं, झिजतं, हे सगळं त्याने पाहिलेलं होतं. पण निम्माच टायर मऊ पडलेला त्याने कधी पाहिला नव्हता. तो उकिडवा बसून विचार करत होता आणि दोन मांजरं त्याच्या शेजारी येऊन मागचं डावं चाक चाटू लागली. पहाऱ्यावरच्या शिपायाने त्यांना हाकललं, मासळीची गाडी म्हटल्यावर मांजरं यायचीच, म्हणाला. परशुरामलाही ते पटलं. एवढा चिवट माणूस, पण इथे मात्र त्याने मान डोलावली आणि उठला.

३

आवडाबाईने त्याला ओळखलं, पण हाक मारली ती साहेब म्हणून. ओटीवर चटई टाकली, चहा दिला, आणि पदर सावरून दाराच्या चौकटीला टेकून बसली. केस पांढरे व्हायला लागले होते. कपाळ मोकळं होतं. परशुरामने काय विचारायचं ते मनात जुळवून आणलं होतं, आणि ते सगळं विसरून तो तिच्या हातांकडे बघत राहिला.

मग त्यानेच विषय काढला आणि ती बोलत गेली. मूलबाळ नाही. घरात दोघंच. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागलं, कधी तांबडं, कधी निळं, आणि मासळी नाहीशी झाली. घराच्या मागे दामाजीची होडी पालथी घालून ठेवलेली होती. पाणी बघून तिला वर्षं झाली असतील, तरी तिची लाकडं काळी तुकतुकीत होती. जातभाईंनी होड्या फोडून चुलीत घातल्या, आपण ठेवली, असं आवडाबाई सांगत होती. दामाजीने टेम्पो घेतला आणि दुसऱ्याची मासळी वाहायला लागला. पूर्वी भरतीला गेला की ओहोटीला घरी. टेम्पो आल्यापासून कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम राहिला नाही. आला की जेवायचा आणि झोपायचा.

टेम्पोची निगा कोण ठेवायचं, असं त्याने विचारलं. गाडी त्याने चालवायची, बाकी सगळं मी बघायची, होडीचं बघायची तसंच, असं ती म्हणाली. हे सांगताना तिचा आवाज जरा मोकळा झाला, आणि परशुरामला एवढंच कळलं की ती नवऱ्यावर फार जीव टाकून राहिली होती. ते ऐकून त्याला आनंद झाला नाही. पन्नाशीच्या माणसाने मेलेल्या माणसाचा हेवा करावा, म्हणजे काय म्हणावं?

टेम्पो लावायची जागा त्याने जाताना पाहिली. अंगणाच्या कडेला मासळी सुकवायच्या ओट्याची भिंत होती आणि तिच्यावर टेम्पोच्या निळ्या रंगाचा ओरखडा उमटला होता. जागा अरुंद. दामाजी उजवी बाजू भिंतीला खेटून गाडी लावायचा आणि डावी बाजू घराकडे.

तो निघाला तेव्हा ती अंगणापर्यंत आली.

"साहेब, मना एवढंच सांगा. रघुनं केलं काय? त्याचं लगीन दामाजीनं जमवलं. लक्ष्मीला मोहन्याहून आमीच पसंत करून आणली. ती आता तोंड लपवून बसलीय. त्यानं केलं असेल तर केलं म्हणा, पण खरं काय ते मना तुमीच सांगा."

सांगेन, असं तो म्हणाला. शब्द तोंडातून गेला आणि तो त्यात अडकला.

४

रघु नाही, तर कोण? पहिलं बोट जात होतं शिवरामकडे.

कल्याणच्या बाजारात शिवरामची मासळीची वखार. दामाजी त्याचाच माल आणायचा. परशुराम तिथे पोचला तेव्हा शिवराम बर्फाच्या लाद्या फोडून घेत होता आणि त्याच्या तोंडाचा पट्टा चालू होता. टेम्पोत माल नेमापेक्षा जास्त भरला जायचा, हे त्याने लगेच कबूल केलं. सगळेच भरतात, म्हणाला, बर्फ काय डोक्यावरून आणायचा? पण गेल्या महिन्यात दामाजीशी कशावरून वाजलं, असं विचारल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. दामाजी त्याचं काम सोडून दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाणार होता. भर बाजारात भांडण झालं. तुझी गाडी कशी चालते तेच बघतो, असं शिवराम सगळ्यांदेखत ओरडला होता.

रागात माणूस काहीही बोलतो, साहेब, असं तो आता पुन्हा पुन्हा म्हणत होता.

जास्त मालाने टायर जातो, हे खरंच. पण परशुरामने मनातल्या मनात तोल मांडून पाहिला. बर्फ आणि पेट्या होत्या मागे. ओझ्याने आधी मागचे टायर गेले असते. गेला तो पुढचा. हवा कमी असती तर टायर चालताना दुमडून दुमडून तापतो आणि आतून रबराचा भुगा पडतो. त्याने ट्यूब काढून आतून हात फिरवून पाहिलेला होता. भुग्याचा कणही नव्हता. म्हणजे ओझं नाही, हवा नाही.

तेवढ्यात त्याची नजर वखारीच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे डिझेलचं पिंप होतं. डिझेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं, चिकट होतं. दामाजीचा टेम्पो माल उतरेपर्यंत इथेच उभा असायचा. एक डबा भरायचा आणि चाकांवर ओतायचा, एवढंच काम.

शिवरामने त्याच्या नजरेबरोबर पिंपाकडे पाहिलं, आणि त्याची पाचावर धारण बसली.

५

फौजदारांना ही नवी दिशा फार आवडली. दुर्लक्षापेक्षा घातपात केव्हाही मोठा! शिवरामला आजच उचलू, रघुलाही ठेवू, दोघांचं साटंलोटं असेल, असं त्यांचं सुरू झालं. परशुराम म्हणाला, आधी मला स्टेपनी कापू द्या.

रघुला आवारात आणून बसवलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. दामाजीचा विषय निघाला की तो रडायला लागायचा आणि कामाचं बोलणं राहून जायचं. परशुरामने त्याला काही विचारलं नाही. टेम्पोच्या खाली टांगलेली स्टेपनी सोडवली. तीही त्याच हातची, त्याच रबराची, त्याच साच्यातली. एवढंच की ती रस्त्याला कधी लागलेली नव्हती. त्याने सुरीने कड उकलायचा प्रयत्न केला. सुरी वाकली, जोड उकलला नाही. शेवटी करवतीने टायर आडवा कापला, तर जुनं रबर कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं तेच दिसेना, इतकं ते एकजीव झालेलं.

मग त्याने रस्त्यावर सापडलेला पट्टा उलटा करून फौजदारांसमोर पसरला. आतल्या कडेपासून मध्यापर्यंत पट्ट्याच्या पाठीला जुन्या रबराचे लचके चिकटलेले होते. म्हणजे तिथला जोड सुटला नव्हता. तो धरून बसला होता आणि शेवटी ओढीने जुन्या रबराचं मांसच घेऊन निघाला होता. बाहेरच्या कडेला मात्र चार बोटं रुंदीत रबर फुगून लोण्यासारखं झालेलं, तिथे लचका नाही की खूण नाही. बाहेरून काहीतरी जोडात मुरलं, कड सुटली, उन्हाने आणि वेगाने टायर तापला, सुटलेल्या कडेत वारा भरला आणि उरलेला पट्टा ओरबाडून निघाला.

रघुचं काम चोख होतं. परशुरामने हे मोठ्याने सांगितलं तेव्हा रघुने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

फौजदार म्हणाले, म्हणजे शिवराम. बेडी काढायला त्यांनी शिपायाला हाकही मारली. आणि त्याच वेळी ती मांजरं पुन्हा आली. मासळीचा हौदा उघडा होता, त्याच्यातून वास भपाभप येत होता. मांजरांनी हौद्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ मागच्या डाव्या चाकापाशी गेली आणि चाटायला लागली.

डिझेल कुठलं मांजर चाटतं?

६

परशुरामने फौजदारांकडून एक दिवस मागून घेतला. मऊ रबराचा तुकडा खरवडून तळहातावर चोळला, उन्हात धरला आणि हुंगला. मासळीचाच वास, पण जड, जुनाट, घशात उतरणारा. हा वास त्याच्या ओळखीचा होता. पावसाळ्याआधी कोळीवाड्यातून तो मिठागरापर्यंत यायचा. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल. मोठ्या मुशीचं काळीज कढवून काढायचं आणि होडीच्या लाकडाला पाजायचं, म्हणजे लाकूड कुजत नाही, कीड लागत नाही. लाकडाला ते अमृत. रबराचा मात्र काळ.

त्याला वाटलं, आपण चुकतो आहोत. चुकावं, असं त्याला मनापासून वाटलं. म्हणून तो चाकांपाशी पुन्हा बसला आणि शिवरामला दोषी ठरवायचा प्रामाणिक प्रयत्न केला.

तो काही साधेना. वखारीपुढे जागा मोकळी. तिथे कुणी तेल टाकलं असतं तर चारही चाकांना सारखं लागलं असतं. इथे डावीकडे जास्त होतं आणि उजवीकडे कमी, म्हणजे उजवीकडे बसायला जागाच नसावी, हात कसाबसा पोचत असावा. आणि सगळ्यात जास्त पुढच्या डाव्या चाकाला. होडीला तेल लावायला सुरुवात करतात ती पुढच्या टोकाकडून. पहिला, भरलेला हात तिथे पडतो.

शिवाय तेल टाकलेलं नव्हतंच. वैरी ओतून पळतो. त्याचे ओघळ राहतात, तो चाकाच्या नटांभोवती बोट फिरवत बसत नाही. इथे एक ओघळ नव्हता. नटांच्या खाचेखाचेतून, नक्षीच्या कडेकडेने, तेल हाताने सावकाश चोळून जिरवलेलं होतं. आंघोळीआधी तान्ह्या मुलाला लावतात तसं. ज्याने हे केलं त्याला गाडी बिघडवायची नव्हती. गाडीवर त्याचा जीव होता.

निळ्या ओरखड्याची ती भिंत त्याच्या डोळ्यांसमोर आली.

त्याने मार्ग शोधले, नाही असं नाही. कारण समजत नाही, असं लिहावं. मग रघुच्या दुकानावरचे दगड थांबायचे नाहीत. तेल लागलं पण कुणी ते ठाऊक नाही, असं लिहावं. मग शिवराम खुनाच्या आरोपाखाली कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार. एक ओळ लपवायची तर एक माणूस जाणार होता. आणि लिहायची तर तिच्या दारातून तो कायमचा उठणार होता. इतकी वर्षं काही न मिळता काढलेल्या माणसाला ओटीवरची एक चटई आणि एक कप चहा मिळाला होता, आणि तोही आपल्या हाताने परत करायचा होता.

ती मात्र म्हणाली होती, खरं काय ते तुमीच सांगा.

७

दुपारी तो गेला तेव्हा आवडाबाई अंगणात जवळा निवडत होती. त्याने चहा नको म्हटलं आणि चटईवर न बसता तिच्यासमोर जमिनीवर बसला. रघुचा दोष नाही, शिवरामचा नाही, असं आधी सांगितलं. तिने सुटकेचा श्वास टाकला. मग त्याने विचारलं, मुशीचं तेल टेम्पोच्या चाकांना कुणी लावलं?

"मीच लावायची की," ती म्हणाली. "अवसेला नि पुनवेला. तो जेवून निजला की."

तिने ते अगदी सहज सांगितलं. तिला अजून काहीच कळलं नव्हतं. ती सांगत होती की सासूनेच शिकवलेलं: घरच्या बाईच्या हातचं तेल लागलं की होडी घरचा वास विसरत नाही, कुठेही गेली तरी माघारी येते. होडी बसली, तेल बरणीत राहिलं. दामाजी दूर दूर जायला लागला, यायचा नेम उरला नाही, घर खायला उठायचं. पत्र्याला तेल लावून उपयोग नाही, वाट चालतात ती चाकं, म्हणून चाकांना लावायची. दामाजीला सांगितलं असतं तर हसला असता, म्हणून सांगितलं नाही.

मग तिने परशुरामच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जवळा निवडणारे हात थांबले.

त्याला सांगावंच लागलं. रबर म्हणजे लाकूड नव्हे; तेल त्याला मुरतं आणि सोडवतं, एवढंच तो म्हणाला. तिने मध्ये एकदाही त्याला अडवलं नाही. सांगून झाल्यावरही ती रडली नाही. आपले दोन्ही तळहात तिने मांडीवर उघडे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. त्या क्षणी ते हात आपल्या हातांत घ्यावेत असं परशुरामला जितकं वाटलं, तितकं उभ्या जन्मात काही वाटलं नव्हतं. त्याने घेतले नाहीत. तो अधिकार दामाजीचा होता, आणि दामाजी नव्हता.

"लिवा," ती शेवटी म्हणाली. "माझं नाव घालून लिवा. लक्ष्मीला तोंड लपवाया लागू नये."

८

त्याने लिहिलं. फौजदारांनी वाचलं, टोपी काढून डोकं खाजवलं, आणि यात गुन्हा कुणाचाच नाही असा शेरा मारून प्रकरण मिटवलं. शिवराम सुटकेच्या आनंदात पेढे वाटणार होता, त्याला कुणीतरी वेळीच दटावलं. रघु घरी गेला. त्याच दिवशी आवडाबाई एकटी मानपाड्याला गेली आणि फुटलेल्या पत्र्यांच्या दुकानात, माणसं जमली होती त्यांच्यादेखत, रघुच्या आणि लक्ष्मीच्या पायांशी वाकली. लक्ष्मीने तिला उठवून छातीशी धरलं, म्हणतात.

परशुराम आठवडाभर कचेरीत बसून राहिला. प्रकरण मिटलं होतं, जायला कारण उरलं नव्हतं. शेवटी कारण नसतानाच गेला. कोळीवाड्याच्या वाटेवर त्याने मनाशी बरंच काही ठरवलं होतं. आता आपण दोघंही एकटे आहोत, मी अधूनमधून येत जाईन, लागलंसवरलं बघेन. यापेक्षा जास्त काही नाही, पण एवढं तरी आज बोलायचंच.

ओटीवर चटई टाकलेली नव्हती. आवडाबाई उंबऱ्यात बसली होती. तिने त्याला बसायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही. रघुचं दुकान पुन्हा सुरू झालं, असं त्याने सांगितलं. तिने मान हलवली.

"परशा," ती म्हणाली. साहेब नव्हे; मिठागरावर मारायची ती हाक. "दुसरा कोणी साहेब असता तर कागदावर लिवून मोकळा झाला असता. मना कळलंही नसतं. तू घरी येऊन का सांगितलंस?"

"दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळू नये म्हणून," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मिठाचं ते शिगेचं माप तिला तेव्हाही कळत होतं, हे त्याला त्या बघण्यात पहिल्यांदा कळलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते असं मिळालं, आणि काही म्हणायच्या आत ती बोलली.

"मग माझं एक ऐक. आता येत नको जाऊस. तुझ्यावर राग नाय माझा. पण तू दारात उभा राहिलास की मना ते चाक दिसतं, आणि मना तो दिसायला हवा हाय. उरलाय तो एवढाच दिसायपुरता."

परशुरामने काय काय ठरवून आणलं होतं, त्यातलं एक अक्षर तोंडातून काढलं नाही. बरं, म्हणाला. साहेब म्हणून नव्हे, परशा म्हणून तिने त्याच्याकडे जन्मात मागितलेलं हे एकच होतं, आणि ते त्याने दिलं.